मैदान कुणाच्या बापाचं?

अमेरिकेत विद्यापीठाच्या कुलगुरूला प्रेसिडेंट म्हणतात. कागदावर तो सगळ्याचा धनी. ग्रंथालय त्याचं, प्रयोगशाळा त्याची, प्राध्यापक त्याचे आणि ऐंशी-नव्वद हजार माणसं मावतील असलं फुटबॉलचं स्टेडियमही त्याचंच. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या बांधून एकमेकांवर रेड्यासारखं आदळायचं, गुडघे फोडून घ्यायचे, मेंदू हलवून घ्यायचा, आणि वरून टाळ्या. या खेळावर, बास्केटबॉलवर, कॉलेजच्या एकूण सगळ्या खेळांवर देखरेख ठेवायची ती प्रेसिडेंटने, असा तिकडचा दंडक. जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकेतली सभ्य मंडळी हाच एक मंत्र जपतायत: खेळाचा कारभार प्रेसिडेंटच्या हाती द्या, सगळं सुतासारखं सरळ होईल.

मी म्हणतो हा मंत्र म्हणजे शुद्ध थाप आहे.

आपल्यातही हा मंत्र जपणारे निघालेत. परवा एका अभ्यासवर्गात एक शिकला-सवरलेला मित्र सांगत होता की बघा, अमेरिकेत कोच आणि पैसेवाले माजले तेव्हा त्यांनी लगाम प्रेसिडेंटकडे दिला. खुर्चीत विवेकी माणूस असला की तळातल्या पोरालाही न्याय मिळतो. टाळ्या पडल्या. त्याचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं, पण टाळ्या ऐकून डोकं फिरलं. दोस्तांनो, पँथर हा शब्द आपल्याकडे १९७२ साली आला तो अमेरिकेतल्या काळ्यांकडून. शब्द त्यांचा घ्यायचा आणि त्यांच्या पोरांच्या घामाचा हिशेब मात्र विवेकी खुर्च्यांकडे मागायचा, हे मला झेपत नाही. म्हणून हे सगळं लिहितोय. नावानिशी, सालवार.

सुरुवात मढ्यांपासून करू. १९०५ सालच्या एका मोसमात अमेरिकेतल्या मैदानांवर फुटबॉल खेळताना अठरा-एकोणीस पोरं मेली. त्या काळी मैदानात बहुतेक गोरीच पोरं असायची, म्हणून बोंब थेट वॉशिंग्टनपर्यंत गेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसात बोलावलं. त्यातून १९०६ साली एक संघटना निघाली. १९१० पासून तिचं नाव एनसीएए. कॉलेजच्या खेळांची ती अखिल अमेरिकन पंचायत. तिच्याकडे पुढे येतोच.

पण सगळे काही चर्चेत बसले नाहीत. कोलंबिया विद्यापीठाने १९०५ सालीच फुटबॉलला टाळं ठोकलं. तेव्हा तिथे प्रेसिडेंट होता निकोलस मरे बटलर. जवळपास दहा वर्षं ते टाळं राहिलं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात पोचले तेव्हा तिथे प्रचंड ग्रंथालय होतं, सेलिग्मन होते, ड्यूई होते, आणि फुटबॉलचा संघ नव्हता. विद्यापीठाचं काही अडलं नव्हतं. फुटबॉल परत सुरू झाला तो १९१५ साली.

दुसरा दाखला शिकागो विद्यापीठाचा. एकेकाळचा दादा संघ, नावाजलेलं मैदान. १९३९ साली तिथल्या रॉबर्ट हचिन्स नावाच्या प्रेसिडेंटने फुटबॉल बंद केला. माजी विद्यार्थी चवताळले असतील, देणगीदारांनी नाकं मुरडली असतील, त्याने केला बंद. मैदान ओस पडलं. १९४२ सालच्या डिसेंबरात त्याच मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मीच्या लोकांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया चालवून दाखवली. त्यातून पुढे बॉम्ब निघाला, ती शरम वेगळी. पण फुटबॉल गेला म्हणून शिकागो विद्यापीठ भिकेला लागलं नाही.

हे दोन दाखले आधी दिले, कारण प्रेसिडेंट लोकांचं ठरलेलं रडगाणं असतं की आमच्या हातात काही नाही. हातात होतं. ज्याला वापरायचं होतं त्याने वापरलं.

बाकीच्यांनी काय केलं? अहवाल काढले. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनचा जाडजूड ग्रंथ आला. पोरांना पैसे चारून कॉलेजांत ओढतात, शिक्षणाच्या नावाने शिमगा आहे, सगळं त्यात लिहिलं. उपाय? प्रेसिडेंट आणि प्राध्यापकांनी लक्ष घालावं. १९८४ साली एनसीएएने प्रेसिडेंटांचं कमिशन नेमलं. १९८९ साली नाइट कमिशन बसलं, १९९१ साली त्याचा अहवाल आला. त्याचं सूत्र ‘एक अधिक तीन’. तीन म्हणजे शिक्षणाची शुचिता, पैशाची शुचिता आणि बाहेरच्यांकडून तपासणी. आणि एक म्हणजे, बरोबर ओळखलंत, प्रेसिडेंटची हुकमत. १९९७ साली तर एनसीएएच्या वरच्या विभागाची सूत्रंच प्रेसिडेंटांच्या मंडळाकडे गेली. झालं, रामराज्य! मग २००९ साली त्याच नाइट कमिशनने मोठमोठ्या फुटबॉल विद्यापीठांच्या प्रेसिडेंटना विचारलं, काय साहेब, खर्च आवरता येतोय का? बहुतेकांचा सूर एकच: आमच्या एकट्याच्या हातचं राहिलेलं नाही.

ऐंशी वर्षं राखण मागितली, मिळाली, आणि मिळाल्यावर राखणदार म्हणतो की मी तर बुजगावणं.

यातला एक प्रेसिडेंट तेवढा प्रामाणिक म्हणावा लागेल. ओक्लाहोमाचा जॉर्ज क्रॉस. १९५१ साली तो राज्याच्या आमदारांपुढे विद्यापीठासाठी पैसे मागायला गेला होता. वैतागून म्हणाला, आमच्या फुटबॉल संघाला अभिमान वाटेल असं विद्यापीठ मला उभारायचंय. टोमणा होता. तो अमेरिकेत आजही सांगतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. टोमणा मारणारा माणूस कुलगुरू होता.

आता पोरांकडे या. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची ती पोरं. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल खेळताना एका पोराच्या डोक्याला मार लागला आणि तो मेला. बायको मागे राहिली. तिने कामगाराच्या मृत्यूची भरपाई मागितली. खेळासाठी कॉलेज त्याला पैसे देत होतं, म्हणजे तो कामावर मेला, इतकं सरळ. १९५७ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही, कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. याच काळात एनसीएएचा कारभारी वॉल्टर बायर्स आणि त्याच्या वकिलांनी एक शब्द घडवला: स्टुडंट-ॲथलीट. विद्यार्थी-खेळाडू. किती गोंडस! सगळ्या कॉलेजांना फर्मान गेलं की हाच शब्द वापरायचा. कारण ‘खेळाडू’ म्हटलं की मजुरी आली, ‘कामगार’ म्हटलं की भरपाई आली, ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हटलं की काहीच येत नाही. १९७४ साली टेक्सासमधला एक खेळाडू मैदानात मान मोडून कायमचा लुळा झाला. तो कोर्टात भांडत राहिला. २००० साली निकाल लागला: तू कामगार नव्हतास. सव्वीस वर्षं चाकांच्या खुर्चीत बसून त्याला कळलं की तो विद्यार्थी होता.

शब्दाने माणूस कसा मारतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच बायर्सने निवृत्त झाल्यावर १९९५ साली पुस्तक लिहून कबूल केलं की हा शब्द कशासाठी घडवला होता, आणि कॉलेजच्या खेळात मळ्यातल्या गुलामगिरीची हवा आहे. निवृत्त झाल्यावर! पेन्शन सुरू झाली की या लोकांची जीभ सैल सुटते.

आणि हा शब्द साठ-सत्तर वर्षं कुणी तोंडात खेळवला? प्रेसिडेंटांनी. पदवीदान समारंभात, देणगीदारांच्या जेवणावळीत, कोर्टात शपथेवर.

विद्यार्थी तर विद्यार्थी, मग शिकवलं का? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची चॅपेल हिलची शाखा ही सरकारी विद्यापीठांतली मानाची जागा. तिथे १९९३ ते २०११, अठरा वर्षं, असे वर्ग चालले की ज्यांना शिक्षक नव्हता, तास नव्हता. एक निबंध टाकायचा, कारकुनाने गुण द्यायचे. तीन हजार शंभरहून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. २०१४ सालच्या चौकशीत हे सगळं बाहेर आलं. आणि हे वर्ग कुठल्या विभागात होते? आफ्रिकी आणि आफ्रो-अमेरिकी अभ्यास विभागात. काळ्यांनी साठच्या दशकात रस्त्यावर उतरून, मार खाऊन मिळवलेला विषय. त्याच्याच नावाखाली काळ्या पोरांना अडाणी ठेवायचा कारखाना. २०१७ साली एनसीएएने निकाल दिला: या वर्गांना कुणालाही बसता येत होतं, फक्त खेळाडूंना नव्हे, म्हणून नियम मोडला नाही. म्हणजे सगळ्यांनाच फसवलं म्हणून कुणालाच फसवलं नाही. च्यायला, आमच्याकडच्या वतनदाराला असलं सुचलं नसतं.

कोच कुठे बसतो आणि प्रेसिडेंट कुठे बसतो, तेही पाहून घ्या. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत सरकारी नोकरांत सगळ्यात जाड पगार फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या कोचचा. गव्हर्नरपेक्षा जास्त, प्रेसिडेंटपेक्षा जास्त. २०२३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या कोचला हाकललं, तर करारापोटी जवळपास ७ कोटी ६० लाख डॉलर द्यावे लागले. घरी बसायचे पैसे. असल्या नोकराला मालक काय दरडावणार? २०११ साली ओहायो स्टेटचा कोच जिम ट्रेसल सापडला. खेळाडूंनी आपल्याच अंगठ्या आणि बिल्ले विकून टॅटू काढून घेतले होते, हे त्याला ठाऊक असून त्याने दडवलं. पोरांनी आपली स्वतःची वस्तू विकली, हा गुन्हा! पत्रकारांनी प्रेसिडेंट गॉर्डन गी याला विचारलं, कोचला काढणार का? गी म्हणाला, छे, त्यानेच मला काढू नये म्हणजे मिळवली. हसत म्हणाला. पोरांवर बंदी आली. कोचने दोन-तीन महिन्यांनी राजीनामा दिला. आणि २०१४ साली तोच जिम ट्रेसल यंगस्टाउन स्टेट विद्यापीठाचा कोण झाला? प्रेसिडेंट. मी बनवून सांगत नाही. ज्याच्यावर देखरेख ठेवायची होती त्यालाच देखरेखीच्या खुर्चीत नेऊन बसवला.

पेन स्टेटचं प्रकरण याहून काळं. तिथे जो पॅटर्नो नावाचा म्हातारा कोच देव होऊन बसला होता. २००४ साली प्रेसिडेंट ग्रॅहम स्पॅनिअर आणि मंडळी त्याच्या घरी गेली, आता निवृत्त व्हा म्हणून सांगायला. म्हाताऱ्याने नकार दिला, मंडळी परत आली. अशा राज्यात एक माजी सहाय्यक कोच लहान पोरांवर अत्याचार करत राहिला. २०१२ साली त्याच्यावरचे पंचेचाळीस आरोप सिद्ध झाले. वरच्यांच्या कानावर २००१ सालीच गोष्ट गेली होती, पोलिसांकडे गेली नाही. स्पॅनिअरला २०११ साली जावं लागलं, २०१७ साली मुलांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल तो दोषी ठरला, २०२१ साली त्याने तुरुंगात जवळपास दोन महिने काढले. देखरेख म्हणतात ती ही.

आता मी त्या टाळ्यांकडे येतो. कारण कुणी म्हणेल, तू वाईटच निवडून काढलेस. चांगलेही होते की. होते. चांगल्याचीच गोष्ट सांगतो.

१९६७ साल. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे स्टेट कॉलेज. त्याच्या वरच्या अंगाला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. हॅरी एडवर्ड्स नावाचा तरणाबांड काळा शिक्षक, समाजशास्त्र शिकवणारा, स्वतः आधी तिथलाच खेळाडू. काळ्या पोरांना शहरात भाड्याने खोल्या मिळत नव्हत्या, क्लबांत घेत नव्हते, मैदानात मात्र हवे होते. एडवर्ड्स आणि पोरांनी मागण्या ठेवल्या आणि जाहीर केलं: मान्य करा, नाहीतर मोसमाचा पहिला सामना होऊ देणार नाही. प्रेसिडेंट रॉबर्ट क्लार्कने उघड सुनावण्या घेतल्या, काळ्या पोरांचं म्हणणं ऐकलं आणि सामना रद्द केला. गव्हर्नर रोनाल्ड रीगन भडकला. क्लार्क नमला नाही. पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर करून उभे राहिले, ती दोघं सॅन होजेचीच पोरं. सगळा देश त्यांच्यावर थुंकत असताना क्लार्क त्यांच्या बाजूने बोलला.

चांगला माणूस. मी टोपी काढतो. पण नीट बघा, आधी काय झालं? आधी पोरांनी सामना अडवला. क्लार्क १९६७ सालच्या उन्हाळ्यातही तेवढाच चांगला होता, आणि तेव्हाही काळ्या पोरांना खोल्या मिळत नव्हत्या. चांगुलपणा होता, तो कपाटात होता. कपाट पोरांनी उघडलं.

दोन वर्षांनी वायोमिंग. ऑक्टोबर १९६९. विद्यापीठाचा फुटबॉल संघ तोवर एकही सामना हरलेला नव्हता. त्यातली चौदा पोरं काळी. पुढचा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी. ते मॉर्मन पंथाचं, आणि तो पंथ तेव्हा काळ्यांना पौरोहित्य देत नव्हता. (ओळखीचं वाटतंय? वाटू द्या.) चौदा जण दंडाला काळी पट्टी बांधून कोच लॉइड ईटनकडे गेले, एवढंच विचारायला की सामन्यात ही बांधली तर चालेल का. कोचने दहा मिनिटांत चौदाच्या चौदा हाकलून दिले. त्यांचं ऐकूनही घेतलं नाही. रात्री विश्वस्त जमले, गव्हर्नर आला, प्रेसिडेंट विल्यम कार्लसन होताच. पहाटेपर्यंत खल झाला. पहाटे निर्णय: कोचचं बरोबर. दुसऱ्या दिवशी गोऱ्या संघाने सामना जिंकला, मैदान दणाणलं. पुढच्या आठवड्यात वायोमिंगशी खेळायला आलेली सॅन होजेची पोरं दंडाला पट्ट्या बांधून उतरली, त्या चौदांसाठी. मग वायोमिंगची वाट लागली. पुढच्या वर्षी दहापैकी नऊ सामने हरले. विद्यापीठाने माफी मागितली ती २०१९ साली. पन्नास वर्षांनी. चौदांतले काही तोवर मरून गेले होते.

त्या पहाटेच्या बैठकीत प्रेसिडेंट काय करत होता? देखरेख!

आणि आता मिझुरी. हे प्रकरण मला तोंडपाठ आहे, आणि तुम्हीही पाठ करावं असं वाटतं. मिझुरी विद्यापीठाने पहिला काळा विद्यार्थी घेतला १९५० साली. त्याआधी १९३८ साली लॉइड गेन्स नावाच्या काळ्या तरुणाने कायद्याच्या शिक्षणासाठी याच विद्यापीठाविरुद्ध देशाच्या सुप्रीम कोर्टात खटला जिंकला होता. १९३९ साली तो गायब झाला, कधीच सापडला नाही. असं हे विद्यापीठ. २०१४ साली याच राज्यात फर्ग्युसनला पोलिसाने मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा पोरगा गोळी घालून मारला. २०१५ साली कॅम्पसवर काळ्या विद्यार्थ्यांना शिव्या पडत होत्या, वसतिगृहाच्या भिंतीवर विष्ठेने स्वस्तिक काढलं गेलं होतं. चार कॅम्पसांचा प्रेसिडेंट होता टिम वुल्फ, कॉम्प्युटर कंपन्यांतला बडा अधिकारी, तिथून थेट आणून बसवलेला. ऑक्टोबरात काळी पोरं त्याच्या गाडीसमोर उभी राहिली, काहीतरी बोला म्हणून. तो गाडीत बसून राहिला. २ नोव्हेंबरला एक काळा विद्यार्थी उपोषणाला बसला: प्रेसिडेंट जाईस्तोवर अन्न नाही. दिवस गेले. प्रेसिडेंट जागचा हलला नाही. एक माणूस उपाशी मरतोय हे पाहून कुठली खुर्ची हलली आहे?

७ नोव्हेंबर, शनिवारी रात्री. फुटबॉल संघातल्या तीसेक काळ्या खेळाडूंनी हातात हात गुंफून फोटो काढला आणि जाहीर केलं: वुल्फ जाईपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी कोच आणि बाकीचा संघ त्यांच्या मागे उभा राहिला. पुढच्या शनिवारी कॅन्सस सिटीला सामना होता, योगायोग बघा, त्याच ब्रिगहॅम यंगशी. सामना झाला नाही तर समोरच्यांना दहा लाख डॉलर मोजावे लागणार होते. सोमवारी, ९ नोव्हेंबरला सकाळी, वुल्फने राजीनामा दिला. संध्याकाळपर्यंत मुख्य कॅम्पसचा चॅन्सेलरही खुर्ची सोडतो म्हणाला.

शनिवार रात्र ते सोमवार सकाळ. छत्तीस तास धरा. शंभर वर्षांच्या अहवालांनी जे केलं नाही ते छत्तीस तासांत झालं. प्रेसिडेंटने खेळावर देखरेख ठेवायची म्हणत होते ना? त्या छत्तीस तासांत खेळाने प्रेसिडेंटवर देखरेख ठेवली.

मालकाला हे लगेच कळलं. डिसेंबरातच मिझुरीच्या विधानसभेत विधेयक आलं: जो खेळाडू तब्येतीशिवाय दुसऱ्या कारणाने खेळायला नकार देईल त्याची शिष्यवृत्ती काढून घ्या. बोंब झाली म्हणून काही दिवसांत मागे घेतलं. पण मनातलं ओठावर आलं होतं. शिष्यवृत्ती म्हणजे बक्षीस नव्हे, दावं आहे, आणि दावं कुठे बांधलंय हे त्या आमदाराला बरोबर माहीत होतं.

मेरीलँड सांगितल्याशिवाय मी थांबलो तर मित्र म्हणेल की तू लपवलंस. २९ मे २०१८. सरावात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा काळा पोरगा उष्माघाताने कोसळला. उष्माघातात अंग बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, एवढं साधं. बुडवलं नाही. १३ जूनला तो मेला. प्रेसिडेंट वॉलेस लो ऑगस्टमध्ये त्याच्या आईबापांना भेटला आणि विद्यापीठाच्या वतीने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी घेतो म्हणाला. हे बोलणाराही विरळा. मग विश्वस्त बसले. ऑक्टोबरच्या ३० तारखेला त्यांनी ठरवलं: कोच राहील. प्रेसिडेंटने मात्र त्याच दिवशी आपण पुढच्या वर्षी निवृत्त होतो म्हणून सांगितलं. म्हणजे मेलेल्या पोराच्या बाजूने बोलणारा जाणार आणि कोच राहणार. खेळाडू उठून उभे राहिले, विद्यार्थी उठले, त्या पोराचा बाप बोलला. दुसऱ्या दिवशी लोने विश्वस्तांना धाब्यावर बसवून कोचला काढून टाकलं. त्यानंतरच्या दिवशी विश्वस्तांच्या अध्यक्षाने राजीनामा दिला. मेरीलँडमध्ये २०२१ साली त्या पोराच्या नावाने खेळाडूंच्या सुरक्षेचा कायदा झाला.

लो चांगला वागला. जायचं ठरल्यावर वागला. खुर्चीचा मोह सुटला त्या दिवशी हात मोकळे झाले. क्लार्क, हचिन्स, लो, अशी बोटावर मोजण्याइतकी माणसं. त्यांच्या जोरावर हजारो पोरांचा जीव टांगायचा? माझ्या मित्राने स्वतःच्या भावाला टांगून बघावं.

आणि आता त्या पंचायतीचं, एनसीएएचं. लोक म्हणतात, प्रेसिडेंट बिचारे काय करतील, एनसीएए ऐकत नाही. अरे, एनसीएए म्हणजे कोण? १९९७ पासून वर मंडळात बसलेत ते प्रेसिडेंटच! २०१० साली बास्केटबॉलच्या एका स्पर्धेचं प्रक्षेपण १४ वर्षांसाठी १० अब्ज ८० कोटी डॉलरला विकलं, ते यांच्या कारकिर्दीत. काळ्या पोरांचं प्रमाण त्या मैदानात त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट, आणि प्रेसिडेंटांच्या खुर्च्यांत शोधून काढावं लागतं. २०१४ साली नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी युनियन मागितली, सरकारच्या कामगार मंडळाचा स्थानिक अधिकारी म्हणाला, हे कामगारच आहेत. विद्यापीठ अपिलात गेलं. २०१५ साली वरच्या मंडळाने हात झटकले आणि पोरांनी टाकलेली मतं न मोजताच गेली. शिक्षणाशी संबंधित जास्तीचे फायदे, म्हणजे लॅपटॉप, पुढच्या शिक्षणाची फी, पगारी उमेदवारी, एवढंही द्यायला लागू नये म्हणून ही मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. २१ जून २०२१ ला नऊ विरुद्ध शून्य हरली. आपलं नाव आणि चेहरा विकून पोरांना पैसे मिळायला लागले ते त्याच जुलैपासून. ६ जून २०२५ ला आणखी एका खटल्यात तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना २ अब्ज ८० कोटी डॉलर, आणि पुढे दर विद्यापीठाने वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटायचे. यातला एक डॉलर तरी प्रेसिडेंटाच्या विवेकातून आला का? सगळे कोर्टातून खेचून आणले, आणि खेचणारे होते खेळाडू.

डार्टमथच्या बास्केटबॉलच्या पोरांनी मार्च २०२४ मध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी युनियन केली. कॉलेजने बोलणी करायला नकार दिला. डिसेंबरअखेर पोरांनी अर्ज मागे घेतला, कारण वॉशिंग्टनमधलं सरकार बदलत होतं आणि नव्या मंडळाकडून उलटा निकाल यायची भीती होती. २०२५ च्या जुलैत अमेरिकन काँग्रेसमध्ये एक विधेयक आलं. एनसीएए आणि मोठ्या परिषदा, म्हणजे पुन्हा तेच प्रेसिडेंट, त्याच्या पाठीशी उभ्या. त्यात एनसीएएला खटल्यांपासून संरक्षण आहे. आणि एक कलम असं आहे की खेळाडूला त्याच्या खेळामुळे कुठल्याही कायद्याखाली कामगार मानता येणार नाही.